शाल परत करायची नाही

कोथरूडहून आठ पानी पत्र आलंय. हाताने लिहिलेलं, शेवटची दोन पानं पेन्सिलीने, कारण पेन संपलं म्हणे. सगळं छापलं तर मला जागा उरणार नाही, म्हणून त्यांच्याच शब्दांत पण आटोपशीर देते. नाव अर्थातच नाही.

“ताई, स. न. वि. वि.

आमचे हे दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. नोकरी सगळी परचेस डिपार्टमेंटमध्ये गेली, पण कॉलेजात नाटकांत कामं केलेली, तो किडा काही गेला नव्हता. यंदा गणपतीत सोसायटीच्या नऊ जणांना घेऊन त्यांनी चाळीस मिनिटांचं संगीत प्रहसन बसवलं. पेशव्यांचा एक शिलेदार आजच्या लक्ष्मी रोडवर घोडा लावायला जागा शोधतो, अशी गोष्ट. गोष्ट ह्यांची, संवाद बरेचसे ह्यांचे. पण पाचही पदं, त्यांच्या चाली आणि मागच्या स्क्रीनवरची चित्रं एआयकडून करून घेतलेली. प्रयोग तुफान झाला. एका पदाला तर वन्स मोअर आला. चेअरमननी शाल-श्रीफळ दिलं. तेव्हा माईक हातात घेऊन हे हसत हसत म्हणाले, ‘पदं आणि संगीत माझं नाही हं, एआयचं आहे.’

झालं. टाळ्या जागच्या जागी विरल्या. सकाळी ग्रुपवर ‘फसवणूक’, ‘चोरीचा माल’, ‘मग शाल मोबाईलला घाला’ असं सुरू. कुणीतरी लिहिलं, ‘मला तर तेव्हाच ती पदं भावशून्य वाटली होती.’ व्हिडिओ काढून टाकला. महिन्याभरात कमिटीने ठराव केला की सोसायटीच्या मंचावर यंत्राने केलेलं काही सादर होणार नाही. गंमत म्हणजे ठरावाच्या खाली एक ओळ तशीच राहून गेली होती: ‘आपणास हवे असल्यास मी हा ठराव अधिक औपचारिक भाषेत लिहून देऊ शकतो.’

हे आता खाली फिरायला जात नाहीत. म्हणतात, ‘घाशीरामलाही ह्याच पुण्याने छळलं होतं. पन्नास वर्षांनी माझं पटेल सगळ्यांना.’ शाल परत करायला निघाले होते, मी कपाटात लपवली आहे.

खरं दुखणं वेगळंच आहे. आमची लेक चित्रकार आहे. लहान मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक अशी कामं करते. वर्षभरात तिची निम्मी कामं गेली. एका ठिकाणाहून मुखपृष्ठाचे आठ हजार मिळायचे, तिथूनच आता निरोप येतो, ‘चित्र एआयने काढलंय, फक्त हाताची बोटं नीट करून द्या, दीड हजार देऊ.’ आणि बाबांनी स्क्रीनच्या चित्रांबद्दल तिला साधं विचारलंही नाही. प्रयोगाच्या रात्रीपासून ती त्यांच्याशी बोलत नाही. हे म्हणतात, ‘तीही त्या ग्रुपवाल्यांसारखीच, नव्याला घाबरते.’

मी कुणाची बाजू घेऊ?”

अहो, आधी शालीचं बघू, कारण ते सोपं आहे. ती कपाटातच राहू दे. शाल पदांना नव्हती, प्रयोगाला होती. सोसायटीतल्या नऊ माणसांना रोज रात्री तालमीला वेळेवर हजर करणं अजून कुठल्याही यंत्राला जमलेलं नाही. मी आमच्या इमारतीत एकदा पाणीकपातीची मीटिंग बोलावली होती. चौघे आले, त्यातले दोघे चुकून. तेव्हा शाल तुमच्या यजमानांचीच. श्रीफळाच्या वड्या केल्या असतील तर त्याही निःशंक मनाने खा.

आता घाशीराम. नाव मोठं घेतलंय ह्यांनी, तर जरा नीट घेऊ. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, संस्था पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. नाना फडणवीसांना असं दाखवता, पुण्याच्या ब्राह्मणांना असं नाचवता, म्हणून गदारोळ उठला. एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबलं, आणि थांबवलं ते बाहेरच्या कुणी नाही, खुद्द संस्थेनेच. मग ती तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपला निघालं तेव्हाही इथे आरडाओरडा झालाच.

ह्यातून तुमच्या यजमानांनी एवढंच उचललं की पुणेकर आधी ओरडतात आणि मग कौतुक करतात. तेही खोटं नाही. मर्ढेकरांवर ‘काही कविता’साठी अश्लीलतेचा खटला चालला, ते निर्दोष सुटले, आणि पुढे आम्ही एम. ए.ला त्याच मर्ढेकरांवर पानंच्या पानं लिहून मार्क मिळवले. पण ओरडा झाला म्हणून मर्ढेकर मोठे झालेले नाहीत. ओरडा कितीतरी टुकार नाटकांवरही झालाय, त्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत. विरोध झाला हे काही सर्टिफिकेट नाही. आणि घाशीरामच्या मंडळींनी काय पणाला लावलं होतं तेही बघा. ज्या संस्थेत वाढले ती सोडली. तुमच्या ह्यांनी, राग मानू नका, संध्याकाळचं फिरणं सोडलंय.

तरी त्यांचं एक म्हणणं मी उचलून धरीन. समाज वादग्रस्त कलावंताशी जसा वागतो, तसाच आज एआयशी वागतोय, हे त्यांना बरोबर दिसलं. फक्त चुकीच्या जागी दिसलं. घाशीरामपेक्षा तमाशाकडे बघायला हवं होतं.

माझे एक काका होते. रेडिओवर लावणी लागली की उठून बटण बंद करायचे. ‘पोरं आहेत घरात,’ एवढंच बोलायचे. आणि त्याच काकांना सगळ्या लावण्या पाठ. अंघोळ करताना गुणगुणायचे, ढोलकीचे बोल बादलीवर वाजवत. बंद केलेल्या रेडिओवरून ह्यांना लावण्या पाठ कशा झाल्या, हा प्रश्न आम्हा भावंडांना फार दिवस पडला होता. गणेश पेठेतल्या आर्यभूषण ह्या तमाशाच्या थिएटरचं नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं, आणि काका ‘व्याख्यानाला’ कुठे जायचे त्याचा उलगडा झाला.

स्वातंत्र्यानंतर लगेच खेर सरकारने तमाशावर बंदी घातली होती. अश्लील आहे, समाज बिघडतो. पुढे संहिता तपासून परवानगी मिळाली. ह्या सगळ्यात नाचणाऱ्या बाईचं चारित्र्य तपासलं, तिच्या तोंडचे शब्द तपासले. समोर फेटा उडवणाऱ्याचं कुणी काही तपासलं नाही. आपली रीतच आहे ती: मजा रात्री घ्यायची आणि नीती सकाळी सांगायची. तुमच्या सोसायटीत रात्री वन्स मोअर घेतलेलं पद सकाळी ‘भावशून्य’ झालं, ते ह्याच चालीने. पदातला एक शब्दही रात्रीतून बदलला नव्हता. बदललं एवढंच की ते कुणाचं हे कळलं. एखाद्या गायकाची भानगड बाहेर आली की आपल्याला त्याचा सूरही पूर्वीपासूनच खटकत होता असं वाटायला लागतं, त्यातला हा प्रकार. आणि तुमचे सेक्रेटरी? ठरावावरून दिसतंच आहे. ते माझे काका आहेत.

पण ही तुलना इथवरच नेता येते. तमासगीर बाईला वाळीत टाकता येत होतं. लेखकाला घेराव घालता येत होता. एआयला वाळीत कसं टाकणार? त्याला ना पोट, ना अब्रू, ना सकाळी दूध आणायला खाली उतरायचं. त्याची कंपनी कुठे सातासमुद्रापार, तिला तुमच्या कोथरूडच्या ग्रुपची खबरही नाही. मग चीड जाणार कुठे? हाताशी जो सापडेल त्याच्यावर. तुमचे यजमान हाताशी होते. त्यांच्या रागातला हा भाग मला पूर्ण मान्य आहे. माल विकणारा नामानिराळा, टाळ्या वाजवणारे नामानिराळे, आणि मधे उभा असलेला रिटायर्ड माणूस तेवढा चोर.

घरी बसून ते आता आणखी एक दाखला शोधून काढतील, तो मीच देऊन ठेवते: पेटी. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. परदेशी वाद्य, स्वर ठोकळेबाज, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, दोन स्वरांमधल्या बारीक श्रुती बसत नाहीत. बंदी टिकली १९७१ पर्यंत. आणि त्याआधीच आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांसारखे लोक त्याच पेटीतून असं काही काढून गेले होते की ऐकणाऱ्याने कान पकडावेत. आज सवाईच्या मंचावर गवयाच्या बाजूला पेटी दिसली नाही तर लोक विचारतील, पेटीवाल्यांची तब्येत बरी आहे ना? तर यजमान म्हणतील, ‘बघा, पेटीलाही यंत्र म्हणून हिणवलं होतं.’

हो, हिणवलं होतं. पेटीमुळे सारंगीवाल्यांचं काम गेलं, हेही खरं. पण पेटी वाजावी म्हणून कुणा सारंगियाचे हात आत बसवलेले नव्हते. एआयचं तसं नाही. ते चित्रं काढायला शिकतं ते माणसांनी काढलेली अक्षरशः कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं चाळून. कशाशेजारी काय येतं, कुठल्या शब्दाला कुठला आकार लागतो, ह्याचे अंदाज बांधत बांधत. ती चित्रं काढणाऱ्यांतल्या बहुतेकांना कुणी विचारलं नाही, पैसे देणं तर दूरच. दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ पासून एका वृत्तसंस्थेचा ह्याच मुद्द्यावर एआय कंपनीविरुद्ध दावा आहे. आवाजाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगला आणि २०२५ मध्ये आशाताई भोसल्यांना संरक्षण दिलं, की एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करून परस्पर धंदा करू नये. बरंच झालं. पण आशाताईंचा आवाज अख्खा देश ओळखतो. तुमच्या लेकीची रेषा कोण ओळखतं? तिने कुठल्या कोर्टात जाऊन सांगायचं की त्या कोट्यवधींत माझीही चाळीस चित्रं असतील?

म्हणून मला यजमानांचं ते एक वाक्य सगळ्यात जास्त खुपलं: ‘तीही त्या ग्रुपवाल्यांसारखीच.’

पठ्ठे बापूरावांची हकीकत त्यांना सांगा. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, ब्राह्मण घरातले. तमाशात गेले, पवळाबरोबर फड गाजवला. पवळा महार समाजातली. जातीने बापूरावांना दूर केलं. लाखोंनी ज्यांच्या लावण्या ऐकल्या ते १९४५ मध्ये इथेच पुण्यात गेले, हलाखीत. हा झाला एक विरोध: जात बुडवली, बाटला, नाच्यांत गेला. तो विरोध कशाला होता? सोवळ्याला धक्का लागला म्हणून.

पण बापूरावांना आणखी एक नकार मिळाला होता, तो डॉ. आंबेडकरांकडून. सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, अशी भूमिका. येरवड्यात वाढलेल्या, आता अमेरिकेत शिकवणाऱ्या आणि २०२४ ची मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या शैलजा पाईक ह्यांनी तमाशातल्या दलित बायकांच्या आयुष्यावरच मोठं काम केलंय. ते वाचलं की लावणीच्या गौरवाची भाषणं ऐकताना थोडं अवघडायला होतं.

आता हे दोन्ही विरोध एका गाठोड्यात बांधता येतील का? बाहेरून सारखेच दिसतात, दोघंही बापूरावांना नाही म्हणतात. पण एकाचं भांडण सोवळ्यासाठी आहे आणि दुसऱ्याचं हिशोबासाठी. घाम कुणाचा, पैसा कुणाकडे गेला, आणि जिचा घाम गेला तिला कुणी विचारलं का? (पवळेच्या आणि कोथरूडच्या मुलीच्या दुःखाची बरोबरी मी करत नाहीये. कृपया तशी पत्रं पाठवू नका, मागच्या वेळची अजून वाचून व्हायची आहेत.)

तुमच्या ग्रुपवरचे लोक नाक मुरडतायत. त्यांच्या ताटातलं काही गेलेलं नाही. उलट फुकटात चाळीस मिनिटं करमणूक झाली. लेकीच्या ताटातलं गेलंय. आठ हजाराचे दीड हजार झालेत, तेही स्वतःचं चित्र काढायचे नाहीत, दुसऱ्याने उचललेल्या चित्राची बोटं मोजायचे. ती नव्याला घाबरत नाहीये हो. तिला नवं नेमकं ठाऊक आहे, दर आठवड्याला मेलमध्ये येतं तिच्या.

तुमच्या पत्राच्या पेन्सिलीच्या पानावर एक तपशील आहे, तो मी मघाशी मुद्दामच गाळला. स्क्रीनवर शनिवारवाडा दाखवला होता. यजमानांनी यंत्राला सांगितलं, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा काढ. यंत्राने ‘दिल्ली’ एवढंच मनावर घेतलं. दरवाज्यावर घुमट आले, दोन बाजूंना मिनार, रंग तांबड्या दगडाचा. लाल किल्लाच तो. वर भगवा फडकवला की झाला शनिवारवाडा. अडीचशे पुणेकर समोर बसले होते, शनिवारवाड्यापासून पाच-सहा किलोमीटरवर राहणारे. दिल्ली दरवाज्याला मिनार कुठून आले, हे एकालाही खटकलं नाही. तुम्ही लिहिता, लेक तुमच्या कानाशी लागून म्हणाली, ‘आई, खिळे नाहीत.’ हत्तीने धडक देऊ नये म्हणून दरवाज्याला जे लांब अणकुचीदार खिळे आहेत, ते. लहानपणी बाबांनीच तिला तिथे उचलून धरून दाखवले होते म्हणे.

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करायला उठले.

तर ग्रुपवरचे लोक यजमानांना चोर म्हणाले, ते सोडून द्या. पण त्यांच्या रागात एक खरी गोष्ट आहे, तीही सांगायला हवी. तेंडुलकरांचंच ‘गिधाडे’ आलं तेव्हा सेन्सॉरने साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला हरकत घेतली. डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला, आणि प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की सेन्सॉरमुळे डाग निळा दिसेल, आपण तो लाल समजावा. ह्यातलं ‘आधी’ महत्त्वाचं. प्रेक्षकाला काय बघायचंय ते ठाऊक होतं, मग त्याने काय समजायचं ते त्याचं त्याने ठरवलं. तुमच्या यजमानांनी आधी डाग दाखवला, टाळ्या घेतल्या, शाल खांद्यावर पडली, आणि मग रंग सांगितला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. उलट प्रामाणिकपणाच होता तो, न सांगते तर कुणाला कळलंही नसतं. पण टाळी परत घेता येत नाही, आणि जी परत घेता येत नाही ती चुकीच्या समजुतीने दिली होती असं कळलं की माणूस चिडतो. ओशाळतो, म्हणून चिडतो.

मला हे सांगायचा फारसा अधिकार नाही, तेही कबूल करते. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली ऑफिसच्या संघातून राज्य नाट्य स्पर्धेत मी प्रॉम्प्टर होते. तेव्हा प्रॉम्प्ट माणूस माणसाला द्यायचा, विंगेत उभं राहून, कुजबुजत. दुसऱ्या अंकात नायक अडकला आणि माझ्या हातातल्या बाडात नेमकं ते पान नव्हतं. मी मनानेच एक वाक्य ठोकून दिलं. त्याने ते असं काही फेकलं की थिएटर हललं. नंतर लेखकाला त्या वाक्यासाठी लोक हात मिळवत होते आणि तोही मिळवत होता, मी विंगेत केळं खात होते. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्या टाळ्या कुणाच्या, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. नायक आता नाही, लेखक आहे. हे वाचून त्याचा फोन येईल.

बरं, करायचं काय?

तुमच्या घरात दोन भांडणं आहेत आणि तुम्ही त्यांना एक समजून बाजू शोधताय. ग्रुपच्या भांडणात नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहा. उद्या संध्याकाळी त्यांना घेऊन खाली उतरा, तुम्हीही चला बरोबर. पहिल्या फेरीला लोक इकडेतिकडे बघतील, तिसऱ्या फेरीला कुणीतरी गुडघ्याचं विचारेल. ग्रुपवर त्यांनी एकदाच लिहावं: गोष्ट आणि संवाद माझे, अमुक संवादांना मदत घेतली, पदं, चाली आणि चित्रं एआयची, हे आधी सांगायला हवं होतं, चुकलं. बस. यंत्र वापरल्याबद्दल माफी मागू नये, उशिरा सांगितल्याबद्दल मागावी. खाली जी शंभर उत्तरं येतील त्यांना उत्तर देऊ नये. आणि घाशीरामचं नाव तर अजिबात काढू नये.

लेकीच्या भांडणात लेकीच्या बाजूने. इथे मी मधलं काही सांगणार नाही. पण तुम्ही निरोप्या होऊ नका. ‘बाबा असं म्हणाले’, ‘ती तसं म्हणाली’ करत दोन खोल्यांत फेऱ्या मारू नका. बाबांनी स्वतः तिच्या टेबलाशी जाऊन बसायचं. समजावायला अजिबात नाही. ती बोटं दुरुस्त करायची मेल बघायला मागायची. एक चित्र दुरुस्त करताना तिला किती वेळ लागतो ते शेजारी बसून बघायचं. परचेसमध्ये आयुष्य गेलंय ना त्यांचं? मग मालाचा भाव पाडणारा व्यापारी त्यांनी शेकड्याने पाहिला असेल. इथे भाव कसा पडलाय हे त्यांच्याइतकं चटकन दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तिला दर ठरवायला त्यांचा उपयोगही होईल: दुरुस्तीचं काम चित्रावर न घेता तासावर घे, हे मी सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं बरं.

पुढच्या गणपतीत पुन्हा काही बसवलं तर स्क्रीनची चित्रं तिला सांगा. घरची म्हणून फुकट नको, जो भाव बाहेर तोच. वर्गणीतून मिळाले तर ठीक, नाहीतर यजमानांच्या पेन्शनीतून. आणि ती नाही म्हणाली तर तेही चालवून घ्यायचं. ‘बाबांना क्षमा केली’ हे सिद्ध करायला तिने चित्रं काढावीत असं नको. पदं मात्र ह्यांनी स्वतः लिहावीत. पाच कशाला, दोन पुरेत, यमक चुकलं तरी चालेल. घोडा लावायला जागा शोधणारा शिलेदार ज्याला सुचला त्याला दोन पदं जड नाहीत.

आणि एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, तिघं मिळून शनिवारवाड्यावर जाऊन या. कारण विचारलं तर सांगा, खिळे मोजायचे आहेत.

ता. क. ठरावाची ती शेवटची ओळ सेक्रेटरींना हळूच, एकट्याला गाठून दाखवा. ग्रुपवर नको. वार्षिक सभेत मोठ्याने वाचला जायचाय म्हणे तो.